पडल्यावर लगेच परत बसायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. एक ताई सहा महिन्यांपासून घोडेस्वारी शिकत आहेत. गेल्या रविवारी ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, घोडा कशाला तरी बुजला, एकदम आडवा सरकला आणि त्या डाव्या अंगावर पडल्या. हेल्मेट होतं. डोकं जमिनीला लागलं, पण शुद्ध गेली नाही. ‘लगेच परत बसा, नाहीतर मनात भीती बसेल’ असं म्हणून सरांनी त्यांना पुन्हा वर चढवलं आणि उरलेला तास पूर्ण झाला. आज तीन दिवसांनी डोकं जड आहे आणि डावा खांदा दुखतोय. त्या विचारताहेत की येत्या रविवारी जाऊ का, आणि पुन्हा पडू नये म्हणून काय करू. जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय: ‘परत बसल्यावर मी काय काय केलं ते नीट आठवत नाही, पण सर म्हणाले छान केलंत.’

ताई, रविवारचं नंतर बघू. तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे आणि तुम्ही तो विचारलेलाच नाही.

मी 27 वर्षं शिकवते आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या डोक्यात काय झालंय ते मी इथून सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण मैदानातून पडलेली माणसं पुष्कळ उचलली आहेत, त्या अनुभवावरून एवढं ठामपणे सांगते: डोक्याला मार लागल्यानंतरची काही मिनिटं आठवत नसतील, तर डॉक्टर ‘नाही’ म्हणेपर्यंत तो मेंदूला बसलेला धक्का, म्हणजे कंकशन, समजायचा. शुद्ध जायलाच हवी असं नाही. बहुतेक कंकशनमध्ये माणूस जागा असतो, चालतो, बोलतो, हसतोसुद्धा. आठवणी साठवण्याचं काम तेवढं काही वेळ बंद पडतं. तुम्ही ‘छान केलंत’ ते सवयीने केलंत. शरीराला ट्रॉट येत होता, शरीराने तो केला.

‘पण हेल्मेट होतं ना?’ होतं, म्हणूनच आज तुम्ही प्रश्न लिहू शकताय. हेल्मेट कवटी फुटू देत नाही आणि आघाताचा जोर कमी करतं. पण मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो आणि डोकं अचानक थांबलं किंवा फिरलं की तो आत हलतोच. ते हलणं हेल्मेटने कमी होतं, थांबत नाही.

तेव्हा आज, उद्या नाही, डॉक्टरांकडे जा. ‘घोड्यावरून पडले, डोकं दुखतंय’ एवढंच सांगू नका. साधारण किती उंचीवरून पडलात, घोडा चालत होता की धावत होता, कोणत्या बाजूला पडलात, किती वेळाचं आठवत नाही आणि त्यानंतर पुन्हा घोड्यावर बसला होतात, हे सगळं सांगा. रक्त पातळ करणारं एखादं औषध घेत असाल, गरोदर असाल किंवा पूर्वी कधी डोक्याला मार लागला असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. या तीन गोष्टींनी डॉक्टरांचा निर्णय बदलतो. स्कॅन करायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. साध्या कंकशनमध्ये स्कॅन बहुधा स्वच्छच येतो. तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे रविवारी बसायला परवानगी मिळाली, असं नव्हे.

डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं, एका हातापायातली ताकद कमी वाटली, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली, आकडी आली, किंवा झोपेतून उठवायला कुणाला त्रास झाला, तर वेळ न घालवता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळत असेल तरीही. यातली बरीच लक्षणं स्वतःला कळत नाहीत, म्हणून घरच्या कुणाला तरी हा परिच्छेद वाचायला द्या.

मी एवढी मागे का लागते? डोक्याच्या आत होणारा रक्तस्राव कधीकधी आधी चांगली फुरसत देतो. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री मार्च 2009 मध्ये स्कीइंग शिकताना नवशिक्यांच्या साध्या उतारावर पडली. हेल्मेट नव्हतं. ती उठली, बोलली, मदत नको म्हणाली. काही वेळाने डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांत ती गेली. तिथे घोडा नव्हता, पण डोक्याला त्याने फरक पडत नाही. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामधली धमनी फाटली की असं होतं. तुमचे तीन दिवस गेले आहेत, त्यामुळे ती भीती बरीच मागे पडली. पण शिरांमधून झिरपणारं रक्त हळू साठतं, ते दिसायला दिवस, कधी आठवडेही लागतात. म्हणून जड डोकं अंगावर काढायचं नाही.

आता खांदा. डाव्या अंगावर पडलात म्हणजे हाडाचा किंवा सांध्याचा मार असण्याची शक्यता सर्वात जास्त. खांदा थेट जमिनीवर आपटला, किंवा पडताना हात पुढे टाकल्याने जोर मनगटातून वर चढला, की गळपट्टीचं हाड मोडू शकतं. घोडेस्वारांमध्ये हे फार बघायला मिळतं. हाडावर बोट ठेवून दाबल्यावर कळ येते का, खांद्यावर उंचवटा दिसतो का, हात डोक्यावर नेता येतो का, हे बघा आणि एक्स-रे काढून घ्या. पण एक आडबाजूची गोष्ट आहे, ती मला माझ्या एका विद्यार्थ्याच्या डॉक्टरांनी समजावली होती. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा, म्हणजे स्प्लीन, हा अवयव असतो. तिला मार लागून आत रक्त साठलं तर दुखणं पोटात न जाणवता डाव्या खांद्याच्या टोकाशी जाणवू शकतं. खुद्द खांदा हलवल्यावर फारसा दुखत नाही, उताणं झोपल्यावर मात्र दुखतं. प्लीहा कधीकधी पडल्यानंतर काही दिवसांनीही फुटते. तुमचा खांदा हलवताना दुखत असेल तर हे बहुधा लागू नाही. न हलवता दुखत असेल, पोट घट्ट वाटत असेल किंवा उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना ‘डाव्या बरगड्यांवर पडले’ हे शब्द नक्की सांगा.

कुठे खरचटलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून बघा. घोड्याच्या लिदीत आणि त्यामुळे मैदानाच्या मातीत ते जंतू असतातच. अशा मळलेल्या जखमेला पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर पुन्हा घ्यायला सांगतात.

आता सरांच्या सल्ल्याकडे येते, कारण त्यांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे आणि मला ते करायचं नाही. ‘पडलास की लगेच चढ’ हे प्रत्येक पागेत ऐकू येतं आणि त्यात तथ्य आहे. पडल्यावर शेवटची आठवण जमिनीवर आपटण्याची राहिली, तर पुढच्या वेळी रिकिबीत पाय टाकताना तीच वर येते. चार शांत फेऱ्या मारून उतरलं की शेवटची आठवण चार फेऱ्यांची राहते. घोड्यालाही ‘स्वार पाडला की सुट्टी’ हा धडा मिळत नाही. ढुंगणावर पडलेल्या, हसत उठलेल्या, डोकं कुठेही न लागलेल्या पोराला मीही लगेच वर बसवते. पण हा सगळा विचार मनाचा आहे. डोकं आपटलं असेल तर मनाआधी मेंदूचा नंबर लागतो. पहिला धक्का जिरायच्या आत दुसरा बसला, तर तो लहान असला तरी महागात पडतो. शिवाय धक्का बसलेल्या माणसाचा तोल आणि प्रतिसाद मंदावलेला असतो, म्हणजे दुसऱ्यांदा पडण्याची शक्यता नेमकी तेव्हाच वाढलेली असते. परत बसल्याने जाणार असलेली भीती आठवड्याभरानेही जाते. मेंदूला तेवढी उसंत द्यायची असेल तर ती त्या दिवशीच द्यावी लागते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एकोणीस वर्षांची असताना घोडा अडथळ्यासमोर थांबला आणि मी त्याच्या मानेवरून पलीकडे गेले. तेव्हाच्या माझ्या प्रशिक्षकांनी मला उचलून परत बसवलं. मी तो अडथळा दोनदा पार केला म्हणे. ‘म्हणे’ यासाठी की मला त्यातलं काहीही आठवत नाही, मैत्रिणींनी सांगितलं. माझी पुढची आठवण संध्याकाळची आहे, मोरीत उलट्या करताना. बरीच वर्षं मी हा किस्सा शौर्यकथा म्हणून सांगत होते.

आता माझ्या मैदानात कुणी पडलं की आधी त्याला उठू देत नाही. सगळे उचलायला धावतात, तेच थांबवावं लागतं. घोडा दुसरं कुणी पकडतं. मान दुखते का, हातापायांत मुंग्या आहेत का, बोटं हलतात का, एवढं विचारते. मान दुखत असेल तर त्याला जागचं हलवत नाही, हेल्मेटही काढत नाही, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसते. श्वासच अडत असेल तर गोष्ट वेगळी. तसं काही नसेल तर मग प्रश्न. नाव आणि वार विचारून भागत नाही, मार लागलेला माणूस ते बिनचूक सांगतो. मी विचारते: आपण मैदानात कोणत्या हाताने, म्हणजे डावीकडे की उजवीकडे, फिरत होतो? तुझ्या पुढे कुठला घोडा होता? पडायच्या आधी मी काय सांगितलं होतं? ताज्या आठवणी आधी निसटतात. दहा मिनिटांनी तेच प्रश्न पुन्हा. एकही उत्तर चुकलं, किंवा त्याने तोच प्रश्न मला दोनदा विचारला, तर त्या दिवसाचं रायडिंग संपलं आणि त्याने एकट्याने गाडी चालवत घरी जायचं नाही. तुमच्या सरांना हे प्रश्न सांगा. कुत्सितपणे नको, त्यांना खरंच उपयोगी पडतील.

तर रविवारी बसायचं नाही. डोकं जड असेपर्यंत तर नाहीच. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगायचे, तो सल्ला आता मागे पडला आहे. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या खेळाडूंच्या कंकशनविषयीच्या परिषदेतल्या तज्ज्ञांचं मतही असंच आहे की पहिले एक-दोन दिवस आराम, त्यानंतर चालण्यासारखी हलकी हालचाल सुरू करायची आणि टप्प्याटप्प्याने वाढवायची. त्रास वाढला तर एक पायरी खाली यायचं. पण चालायला मोकळीक म्हणजे घोड्यावर बसायला मोकळीक नव्हे. ज्या कामात पुन्हा डोकं आपटू शकतं ते सगळ्यात शेवटी, लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. किती दिवस लागतील? वय, आधीचे मार, मायग्रेनचा त्रास, झोप, यावर ते अवलंबून आहे. बरेच प्रौढ दोन ते चार आठवड्यांत बरे होतात, काहींना जास्त लागतात. दरम्यान पागेत जायला हरकत नाही. खरारा करा, खूर साफ करायला शिका, दुसऱ्यांचे तास बघा. मात्र घोड्याच्या मागून जाताना नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, कारण तुमची चपळाई सध्या कमी आहे.

हेल्मेट बदला. बाहेरून ओरखडाही नसला तरी. आतला फोम एकदाच दबतो आणि दबून धक्का शोषतो. दबलेला फोम पुन्हा फुगत नाही, आणि तो दबला आहे का ते डोळ्यांनी कळत नाही. ते पागेचं असेल तर तर नक्कीच सांगा, नाहीतर उद्या ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाईल. सायकलचं हेल्मेट चालणार नाही, ते वेगळ्या प्रकारच्या पडण्यासाठी बनवलेलं असतं. ‘आम्ही अनुभवी, आम्हाला कशाला’ म्हणणारे प्रत्येक पागेत दोघेतिघे भेटतील. कोर्टनी किंग-डाय ही अमेरिकेची ऑलिंपिक ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली करवून घेण्याचा प्रकार) स्वार मार्च 2010 मध्ये सराव करताना घोडा अडखळून पडली. त्या दिवशी हेल्मेट नव्हतं, आणि ती जवळपास महिनाभर कोमात होती. ड्रेसाजमध्ये तेव्हा उंच टोपी घालायची रीत होती. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये 2021 पासून हेल्मेट सक्तीचं झालं.

दुसरी बाजूही सांगते, म्हणजे हेल्मेट हे कवच वाटायला नको. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारा अभिनेता क्रिस्टोफर रीव्ह मे 1995 मध्ये घोड्यावरून पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, अंगात संरक्षक जाकीटही होतं. घोडा अडथळ्यापाशी थांबला, रीव्ह पुढे गेला, हात लगामाच्या पट्ट्यांत अडकले आणि तो डोक्यावर उतरला. मानेचे सर्वात वरचे मणके मोडले. जाकीट बरगड्या वाचवतं, मान वाचवत नाही. तरी बरगड्यांसाठी ते घ्याच, मापाचं घ्या.

‘पुन्हा पडू नये म्हणून काय करू’ याचं प्रामाणिक उत्तर: बसत राहिलात तर पुन्हा कधीतरी पडाल. ते कमी वेळा व्हावं आणि झालंच तर सौम्य व्हावं, एवढं हातात आहे.

घोडा आडवा सरकतो तेव्हा स्वार पडतो, पण तोल बहुतेक वेळा त्याआधीच गेलेला असतो. सहा महिन्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये मला दिसतं ते असं: नजर घोड्याच्या मानेवर, खांदे पुढे, गुडघे खोगिराला गच्च आवळलेले. गुडघे आवळले की चिमट्यातून बी उडावं तसा माणूस वर उचलला जातो आणि टाचही वर येते. घोडा डावीकडे गेला की तुम्ही उजवीकडे हवेत. उलट, पोटरी मऊ लागलेली, टाच खाली, नजर दूर आणि बैठक खोगिरात खोल असेल तर तोच झटका कंबरेत जिरतो. हे शब्दांनी येत नाही. सरांना सांगा, मला दोन-तीन तास लांब दोरावर गोल फिरवा, रिकिबी काढून, लगाम हातात न देता. मी प्रत्येक नवशिक्याला कंटाळा येईपर्यंत हेच करायला लावते. आणि घोड्याच्या मानेभोवती एक साधा चामडी पट्टा बांधून घ्या. घोडा बुजला की लगाम ओढून स्वतःला सावरायचं नाही, त्याने तोंडाला हिसका बसतो आणि तो आणखी बिथरतो. पट्टा धरायचा. यात कमीपणा नाही, माझ्या तीन घोड्यांच्या गळ्यात तो कायम असतो.

तंग, म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून बांधणारा पट्टा, घोड्यावर बसण्याआधी एकदा आणि पाच-दहा मिनिटं चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा. बरेच घोडे कसताना पोट फुगवतात आणि मग सोडतात. रिकिबीत बूट सैल असावा, टाचेचाच बूट घालावा. पाय आरपार जाऊन अडकला तर पडण्यापेक्षा फरफटण्याची भीती मोठी.

तुमचा घोडा बुजला कशाला, ते तुम्हाला कळलं नाही, आणि बहुधा कळणारही नाही. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं नाही. त्यामुळे कडेला हललेलं प्लास्टिक त्याला तुमच्याआधी दिसतं. जाताना न घाबरलेला घोडा येताना त्याच वस्तूला बुजतो, तेव्हा ‘डाव्या डोळ्याचं उजव्याला कळत नाही’ असं सांगतात, ते खरं नाही, मेंदूच्या दोन्ही बाजू जोडलेल्या असतात. उलट बाजूने ती वस्तू त्याला वेगळी दिसते, इतकंच. पण हा घोडा दर आठवड्याला बुजत असेल तर तो नवशिक्याचा घोडा नव्हे. खोगीर टोचतं का, पाठ दुखते का, हेही बघायला सांगा.

पडतानाची एकच गोष्ट: लगाम सोडा, हात छातीशी घ्या, हनुवटी गळ्याला लावा आणि घोड्यापासून दूर लोळा. चालत्या घोड्यावरून दोन्ही पाय काढून उडी मारून उतरण्याचा सराव बरी झाल्यावर मागून घ्या, आधी चालीत, मग ट्रॉटमध्ये. ज्याला उतरता येतं तो पडायला कमी घाबरतो.

भीतीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण ती येईल, आणि बहुतेक पहिल्या दिवशी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येईल. तेव्हा पाय आवळले जातील आणि हात मागे ओढले जातील. घोड्याच्या भाषेत पाय म्हणजे ‘चल’ आणि हात म्हणजे ‘थांब’. दोन्ही एकदम मिळाले की तोही अस्वस्थ होतो आणि आपल्याला वाटतं त्याला आपली भीती कळली. म्हणून परतल्यावर पहिला तास वेगळ्या, म्हाताऱ्या घोड्यावर, कुणीतरी दोर धरलेला असताना, फक्त चालीत. दहा मिनिटं. आणखी करावंसं वाटत असतानाच उतरा. ट्रॉट कधी, ते तुम्ही ठरवा, सरांनी नव्हे.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते जमल्यास इथे लिहा. खांद्याच्या एक-दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की व्यायामाचं बोलू.